उचल

कॅनडा कॉर्नर, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
जुलैचे शेवटचे चार दिवस.
निकुंभ साहेबांच्या टेबलावर मी पिशवीतून
अख्खं वर्ष ओतते:
तांब्याच्या तारेची बिलं, वार्निश, इन्सुलेशन पेपर,
गाळ्याचं भाडं, वीज,
दौलत गांगुर्डेचा पगार, सह्यांसकट.
चहासुद्धा.
चहाला ते हसतात, पण धरतात.

मग मी विचारते, आणि माझं?
सकाळी नऊ ते रात्री नऊ, कधी दहा,
ते कुठे लिहायचं?

साहेब चष्मा काढतात.
"ताई, मालकानं स्वतःला पगार द्यायचा नसतो.
तुमचा वेळ तुम्ही कुणाकडून विकत घेतलात?
नाही ना? मग खर्च कसला?
गल्ल्यातून घरी नेता ती उचल.
उचल खर्चात बसत नाही."

उचल.
अंबडच्या गाळ्यात साडेसात एचपीची मोटर
टेबलावर चढवताना
दौलतला मी म्हणते तोच शब्द.
एक बाजू त्याची, एक माझी.
त्याची बाजू वहीत आहे.

छत्तीस खाचा.
एकेका खाचेत बासष्ट वेढे.
मोजताना कुणी हाक मारली की पुन्हा एकपासून.
ऑक्टोबर छाटणीला दिंडोरीकडून जळालेले पंप येतात
आणि माणसं दारातूनच सांगतात,
"ताई, उद्या सकाळी पाहिजे."
उद्या सकाळ मी कुठून आणते
याची पावती कोण देणार?

फेब्रुवारीत दौलत अकरा दिवस पेठला गेला,
वडिलांच्या मोतीबिंदूसाठी.
त्याचे वेढे मी घातले, माझे तर घातलेच.
आता साहेबांच्या स्क्रीनवर त्या महिन्यात
मजुरी कमी, नफा जास्त.
"फेब्रुवारी छान गेलाय," ते म्हणतात.

मानेसाठी घेतलेली गरम पाण्याची पिशवी,
दोनशे चाळीस रुपये, रीतसर बिल.
"ही वैयक्तिक,"
म्हणत ते बिल बाजूला सारतात.

उठताना त्यांनाच काहीतरी वाटतं.
"भागीदारी केलीत, तर काम करणाऱ्या भागीदाराचा
मोबदला धरता येतो."
म्हणजे मी दोघी असते तर?
"तसं नाही," ते म्हणतात,
मग जरा थांबून, "म्हणजे, साधारण तसंच."

त्रिमूर्ती चौकातला सिग्नल लांबलचक आहे.
दुसरी हेमलता खैरनार मागच्या सीटवर बसलीय,
पिशवी मांडीवर घेऊन,
हेल्मेट न घालता.

त्या संध्याकाळी मी हजेरीची वही काढली.
दौलतच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.
दर त्याचाच लावला, मागे एप्रिलपर्यंत गेले,
जास्तीचे तास दीडपट.
बेरीज केली, पुन्हा केली.
धंदा अकरा हजारांनी तोट्यात.
कॅल्क्युलेटर बंद केला
आणि बराच वेळ बसून राहिले, तेही मोजलं नाही.
वाईट वाटलं असं नाही.
एवढं महागाचं माणूस मी ठेवलंय
हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दौलतनं सहीसाठी वही उघडली.
नाव पाहिलं. काही बोलला नाही.
तो निरगाठ सुटली नाही तर कापतो, विचारत नाही.
दुपारी मी पाहिलं:
त्यानं स्वतःच्या खुणेखाली माझीही खूण केली होती, निळ्या पेनानं.
आणि कालच्या रकान्यात,
साहेबांकडे गेले होते त्या दिवशी,
लिहिलं होतं: अर्धा दिवस.

बरोबरच आहे.
मी तार हातात घेतली.
एक, दोन, तीन.
बाहेरून कुणीतरी हाक मारली.
चार, म्हटलं. पाच.